सावलीची दरखास्त

काठी सरळ उभी करणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं ती एकदा निजाम सरकारच्या जमिनीवर उभी करून पाहावी. मी पाहिली. तेराशे छत्तीस फसलीच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सत्तावीसच्या, उन्हाळ्यात, उमापूरच्या शाळेपुढे, सात हात लांबीचा एक वेळू. तेवढ्यासाठी मी तीनदा गेवराईला गेलो, दोन जोडे झिजवले, आणि गावातल्या निम्म्या लोकांच्या मरणाला कारण होणार असा माझ्यावर आरोप झाला.

मी तेव्हा हंगामी मास्तर होतो. हंगामी म्हणजे सरकारला तुमची गरज असते, पण खात्री नसते. दर उन्हाळ्यात नोकरी संपल्याचा हुकूम येई आणि पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या गावाचा हुकूम येई. सहा वर्षांत सहा गावं झाली होती. मधले महिने मी आणि माझी बायको मनकर्णा तिच्या भावाकडे काढायचो. मेव्हणा माणूस चांगला, पण चौथ्या उन्हाळ्यापासून तो मला 'या' म्हणण्याऐवजी 'आलात का' म्हणू लागला होता. मुस्तकिल, म्हणजे कायम, व्हायचं तर शाळेच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणाऱ्या मुहतमिमसाहेबांचा चांगला शेरा हवा. आणि त्या वर्षी बीडहून परिपत्रक आलं की मुलांकडून नुसतं पाठ करून घेऊ नका, सृष्टीतली एखादी गोष्ट प्रत्यक्ष दाखवा. साहेब येतील त्या दिवशी असा एक तजरबा, म्हणजे प्रयोग, झालाच पाहिजे, आणि मुआयना झाल्याशिवाय उन्हाळ्याची सुट्टी द्यायची नाही.

साहेबांची तारीख आली मेची अठरा, वेळ दुपारची. मी पुण्याहून मागवलेलं भूगोल-खगोलाचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की पृथ्वी जरा कलती होऊन सूर्याभोवती फिरते, म्हणून सूर्य सहा महिने उत्तरेला सरकताना दिसतो आणि सहा महिने दक्षिणेला. कर्कवृत्ताच्या अलीकडे जी गावं आहेत, त्यांच्या बरोबर डोक्यावर तो वर्षातून दोनच दिवस येतो. त्या दोन दिवशी ऐन मध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली पडत नाही. मी नकाशावर उमापूर शोधलं. ते नव्हतंच, म्हणून गोदावरीच्या वळणावरून अंदाजानं टिंब दिलं. एकोणीस अंश आणि वर थोडं. मग पुस्तकातला तक्ता पाहिला. सूर्य उमापूरच्या डोक्यावर येणार होता मेच्या अठराला!

मला इतका आनंद झाला की मी लगेच वर्गात जाऊन मुलांना भोपळा आणि कंदील घेऊन सगळं समजावलं. भोपळ्यावर शाईनं उमापूर काढलं. मुलांना समजलं की नाही ते माहीत नाही, पण मनकर्णेला समजलं, कारण भोपळा तिचा होता. दुपारी पृथ्वीची भाजी झाली आणि उमापूरच्या जागी शाईची चव लागली.

शाळा सरकारी, तेव्हा पुढची जमीनही सरकारी. विचारल्याशिवाय खड्डा खणला आणि कोणी चुगली केली तर शेरा राहील बाजूला, या भीतीनं मी दरखास्त लिहिली आणि गेवराईच्या कचेरीत अर्ज घेणाऱ्या पेशकारांपुढे ठेवली. पेशकारांनी ती दोनदा वाचली.

"काठी कशासाठी?"

"सावली पाहण्यासाठी."

"सावली पडणार कुठं?"

मी म्हणालो, सकाळी पश्चिमेला पडेल, संध्याकाळी पूर्वेला.

"म्हणजे सकाळी एकाच्या जमिनीत, संध्याकाळी दुसऱ्याच्या," पेशकार म्हणाले. "काठी सरकारी जागेत हाय, हे मान्य. सावली सरकारी जागेत राहत न्हाई. ज्याच्या ज्याच्या जमिनीवर पडेल त्याची राजीखुशी आणा. आणि नकाशा जोडा."

मी आयुष्यात पुष्कळ नकाशे काढले, पण सावलीचा नकाशा तो पहिला आणि शेवटचा. सकाळची सावली मारुतीच्या देवळाच्या पारावर, संध्याकाळची अर्जुनराव पाटलांच्या खळ्यात. मारुतीची राजीखुशी पुजाऱ्यानं दिली. दुसऱ्या खेपेला पेशकारांनी नवा मुद्दा काढला.

"दरखास्तीत तुमीच लिहिलंय की त्या दिशी सावली पडणारच न्हाई. जी पडणार न्हाई तिला मंजुरी कावून मागता?"

मी म्हणालो, "साहेब, ती पडणार नाही हेच तर दाखवायचंय."

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. तिसऱ्या खेपेला हुकूम मिळाला: 'काठी उभी करण्यास मंजुरी. सावलीबाबत हुकूम मागाहून.' मागाहूनचा तो हुकूम अजून यायचा आहे. पण या खेपांमध्ये महिना गेला, आणि काठी उभी राहिली सतरा तारखेच्या संध्याकाळी, मुआयन्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे एकाही मध्यान्हाला मी त्या काठीची सावली पाहिलेली नव्हती. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

या खेपांच्या मध्येच अर्जुनराव पाटलांची राजीखुशी घ्यायला गेलो तेव्हा मात्र खरी अडचण समोर आली. गावात मी काय करणार आहे ते आधीच पोचलं होतं, आणि पोचताना बदललं होतं. आमच्या शेजारी सुंदरबाई राहायच्या. ज्याला आपली सावली दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, हे त्यांनी त्यांच्या आजेसासूकडून ऐकलं होतं, आणि आजेसासू खरंच गेली होती. तेव्हा अठरा तारखेला मास्तर सगळ्या उमापूरची सावली घालवणार, आणि दिवाळीपर्यंत गावात कोणी उरणार नाही, असा हिशेब विहिरीवर पक्का झाला होता.

"मास्तर," अर्जुनराव म्हणाले, "आमच्या अंजीचं लगीन त्याच दिशी हाय. मुहूर्त ऐन मध्यान्हीचा. पाचशे पाव्हणा येनार. तुमी सावली एक दिस पुढं ढकला."

"पाटील, ती माझ्या हातात नाही. सूर्य डोक्यावर येतो म्हणून ती जाते."

"मंग दोन दिस अगुदर घ्या."

मी पुष्कळ समजावलं. भोपळा मागितला, तो त्यांनी दिला नाही. मी म्हणालो, काठी नसली तरी सावली जायचीच आहे, काठी फक्त दाखवते. हे मी बोलायला नको होतं. पाटलांचा चेहरा उतरला.

"म्हंजी काठी नसली तरी बी आमी मरनार?"

तेवढ्यात ओट्यावर बसलेला सिदू बोलला. सिदू मेंढरं राखायचा. गावाच्या चावडीपेक्षा माळावरच जास्त असायचा, म्हणून त्याला कोणी फारसं विचारत नसे.

"पाटील, मी मेंढरामागं जलम काढला," तो म्हणाला. "दर साली उन्हाळ्यात एकदा आन आखाडात एकदा सावली पायाखाली जाती. मेंढराची बी जाती, माजी बी जाती. आखाडात आभाळ असतं, दिसत न्हाई. माजी चाळीस डाव गेली आसंल. मी हाय न्हवं?"

पाटलांनी सिदूकडे असं पाहिलं, की हा आहे की नाही ते ठरवत असावेत. शेवटी तोड निघाली. मांडव शाळेपासून देवळापर्यंत लांबवायचा, सगळं वऱ्हाड कापडाखाली बसवायचं. कापडाखाली सावलीच सावली. तिथं कोणाची सावली हरवायचा प्रश्नच नाही. काठी मांडवाबाहेर, दहा पावलांवर. तिथं उन्हात मास्तर उभे राहतील, आणि साहेबांना मरायचं असेल तर साहेब.

"तुमचं काय व्हईल ते व्हईल," पाटील म्हणाले. त्यांनी राजीखुशीवर अंगठा दिला, पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं.

अठरा तारीख उजाडली. मी कोट घातला. मेमध्ये उमापुरात कोट घालणं हा आपल्या हातानं करून घेतलेला छळ आहे, पण मुस्तकिल होणाऱ्या माणसाला कोट हवाच. गवंड्याचा ओळंबा आणून काठी चारी बाजूंनी तपासली. एक केसभरही कलती नव्हती. मुहतमिमसाहेब दहाच्या सुमाराला बैलांच्या दमणीतून आले. वयस्कर, पांढरी दाढी, हातात छत्री, आणि खिशात साखळीचं चांदीचं घड्याळ. गावात दुसरं घड्याळच नव्हतं. ते त्यांनी आदल्या दिवशी जालन्याच्या स्टेशनावर रेल्वेच्या वेळेला लावून घेतलं होतं आणि ते एक मिनिटही चुकत नाही हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

वर्गाची तपासणी मात्र झकास झाली. साहेबांनी विचारलं, रेखांश आणि वेळ यांचा संबंध काय? बत्तीस मुलांनी एका सुरात शाळेचं छप्पर उडवलं: "एका अंशाला चार मिनिटं! पूर्वेला वेळ पुढे, पश्चिमेला वेळ मागे!" साहेबांनी मान डोलावली. माझी छाती कोटात मावेना. हे त्यांना पाठ होतं आणि मलाही पाठ होतं. पाठ असलेली गोष्ट कधीतरी वापरायची असते, हे मात्र पुस्तकात कुठं छापलं नव्हतं.

पावणेबाराला आम्ही काठीपाशी आलो. एका बाजूला मांडवात पाचशे माणसं दाटीवाटीनं बसलेली. दुसऱ्या बाजूला उन्हात मी, साहेब, बत्तीस मुलं आणि सिदू. मांडवाच्या कडेला राधाकिशन जोशी पाण्यानं भरलेलं घंगाळ घेऊन बसले होते. त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत होती. ती भरून बुडाली की एक घटका झाली. जोशीबुवा ती काढून पुन्हा सोडायचे आणि जमिनीवर कुंकवाचं एक बोट ओढायचे. सूर्य उगवल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं. मला मनातून हसू आलं होतं. रेल्वेचं घड्याळ आलेल्या गावात हे काय, असं मी साहेबांना म्हणालोही.

सावली आखडत होती. साहेबांनी घड्याळ हातात धरलं.

"पाच मिनट," ते म्हणाले. मग "दो मिनट." मग त्यांनी झाकण टक्कन बंद केलं. "बारा."

सावली काठीच्या बुडाशी पश्चिमेला पडली होती. वीतभर आणि वर चार बोटं. स्वच्छ, काळी, ठसठशीत.

मी खाली वाकलो. ओळंबा लावला. काठी सरळ होती. डोळे चोळले. सावली होती. मांडवातून कोणीतरी "हाय की बे सावली!" असं ओरडलं आणि पाचशे माणसं हसली. त्यात आनंदही होता, कारण आता कोणी मरणार नव्हतं. सुंदरबाईंनी मारुतीच्या दिशेनं हात जोडले. हसण्याचं मला इतकं वाटलं नसतं. पण मांडवाच्या कडेला बायकांमध्ये मनकर्णा बसली होती. ती हसत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती.

"मास्टरसाब," साहेब हळूच म्हणाले, "साया तो हैच."

त्यांनी शेऱ्याची वही मागवली, दमणीच्या चाकावर टेकवली आणि उर्दूत एक ओळ लिहिली. मला उर्दू येत होतं, न येतं तर बरं झालं असतं: 'बारा बजे साया मौजूद. तजरबा नाकाम.' खाली सही. ते दमणीत चढले आणि गाडीवानानं बैलांच्या पाठीवर हात फिरवला. मला डोळ्यांपुढे मेव्हण्याचं दार दिसायला लागलं. आणि दारात 'आलात का'.

तेवढ्यात मांडवात जोशीबुवांचा आवाज चढला. नवऱ्या मुलाकडची मंडळी घाई करत होती. साहेबांचे बारा वाजले, मग आपला मुहूर्त टळला की काय, अशी त्यांना धास्ती होती.

"बसा खाली!" जोशीबुवा ओरडले. "कुणाचे बी बारा वाजू द्या. मध्यान्हाला अजून पाऊण घटका हाय. वाटी बुडाली न्हाई, सूर्य डोक्यावर आला न्हाई, अक्षता पडायच्या न्हाईत!"

मी जागच्या जागी उभा राहिलो. एका अंशाला चार मिनिटं. रेल्वेचं घड्याळ आमच्या उमापूरचं नव्हतंच. सगळ्या हिंदुस्थानच्या गाड्या एका वेळेनं धावाव्यात म्हणून पूर्वेकडची एक रेघ धरून ते लावलेलं. ती रेघ आमच्यापासून सात अंश पूर्वेला. सूर्य पूर्वेकडून येतो. त्या रेघेवरच्या माणसांच्या डोक्यावर आधी येणार, मग आमच्या. सात चोक अठ्ठावीस. त्या दिवसांत सूर्य आपल्या चालीनं चारेक मिनिटं पुढे असतो, ती वजा. राहिली चोवीस. म्हणजे बरोबर एक घटका, आणि त्यातली पाव शेरा लिहिण्यात गेलेली! सूर्याची काही चूक नव्हती, काठीची नव्हती, जोशीबुवांची तर मुळीच नव्हती. बत्तीस मुलांनी सकाळी बोंबलून सांगितलं होतं आणि ऐकायला मास्तर जाग्यावर नव्हता.

मी धावलो. कोट घालून धावलो. दमणीपुढे जाऊन बैलाची वेसण धरली. बैलानं माझ्या कोटाच्या बाहीला नाक पुसलं.

"साहेब, पाऊण घटका थांबा! सूर्य अजून यायचाय!"

"मास्टरसाब, छोडो," साहेब थकून म्हणाले. "मुझे शाम तक गेवराई पहुंचना है."

काय करावं सुचेना, तेव्हा मी ज्या माणसानं माझ्याशी बोलणं बंद केलं होतं त्याच्याकडे वळलो. पाटील मांडवाच्या दारात फेटा सावरत उभे होते. मी त्यांच्यापुढे हात जोडले. माझी लाज तेव्हा कुठं होती ते मला आजही सांगता येणार नाही.

"पाटील, ही गाडी थांबवा. एवढी पाऊण घटका. नाहीतर माझी नोकरी गेली."

अर्जुनरावांनी माझ्याकडे पाहिलं, दमणीकडे पाहिलं. मग ते सावकाश रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"साहेब, अंतरपाट धरलाय," ते म्हणाले. "आमच्याकडं अंतरपाट धरला की अक्षता पडोस्तर मांडवाम्होरून चाक फिरत न्हाई. पोरीच्या संसाराला बाध येतो. लेकीचं लगीन हाय, उतरा. पन्हं घ्या."

अंतरपाट अजून धरलेला नव्हता. पाटलांनी मागे न बघता हातानं खूण केली, आणि आत दोघांनी घाईघाईनं तो धरला. मुलीच्या संसाराची गोष्ट निघाल्यावर साहेबांनी गाडीवानाला थांबायची खूण केली. त्यांनी छत्री मिटली आणि ते खाली उतरले.

पन्हं त्यांनी काठीपाशीच उभ्यानं घेतलं, कारण मी त्यांना तिथून हलूच दिलं नाही. हातातलं घड्याळ आणि घंगाळातली वाटी दाखवून मी त्यांना सात अंश आणि अठ्ठावीस मिनिटांचा हिशेब सांगत होतो. मराठीत सुरू केलेलं वाक्य उर्दूत संपत होतं, आणि मध्ये मध्ये भोपळाही येत होता. साहेब ऐकत होते. सावली वीतभर झाली. मग चार बोटं. मंगलाष्टकं सुरू झाली. तीन बोटं. सिदू म्हणाला, "आली बगा." दोन बोटं. मांडवाच्या कडेची माणसं मान काढून बघायला लागली. एक जण बाहेर आला, मग दहा, मग कापडाखाली फक्त नवरा, नवरी, अंतरपाट धरणारे आणि जोशीबुवा उरले. मरणाचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सुंदरबाई तर सगळ्यांच्या पुढे होत्या.

"सावधान!" जोशीबुवा गरजले. घंगाळात वाटी बुडाली.

काठीच्या बुडाला काही नव्हतं. चारी बाजूंनी नुसती पांढरी, तापलेली माती. पाचशे माणसं उन्हात उभी होती, आणि त्यांची काळी लांब माणसं, जी जन्मभर त्यांच्या मागेपुढे चालत आली होती, ती कुठंच नव्हती. अर्जुनरावांनी एक पाय हळूच उचलून खाली पाहिलं. पावलाएवढी सावली तिथं होती. त्यांनी पाय परत तिच्यावर ठेवला.

मग अक्षता पडल्या. मंडळींची तोंडं काठीकडे होती, त्यामुळे निम्म्या अक्षता काठीवर पडल्या. जोशीबुवा यावर पुढे वर्षभर माझ्यावर रागावलेले होते, आणि त्यांचा राग मला मान्य आहे.

साहेबांनी घड्याळ उघडलं. बारा वाजून चोवीस मिनिटं. त्यांनी बराच वेळ काठीकडे पाहिलं, मग घंगाळाकडे, मग स्वतःच्या त्या कधी न चुकणाऱ्या घड्याळाकडे. शेऱ्याची वही पुन्हा मागवली. लिहिलेला शेरा खोडता येत नाही, खोडला तर बीडला खुलासा द्यावा लागतो. म्हणून त्यांनी पहिली ओळ तशीच ठेवली आणि खाली दुसरी लिहिली: 'बारा बजकर चौबीस मिनट पर साया गायब. देर सूरज की है, मास्टर बेकसूर. मुस्तकिल किया जाए.'

मी ते तीनदा वाचलं. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो पडताना आवाजही होत असावा, कारण मला तो ऐकू आला. पाटील पाठीवर थाप मारून "जेवा आता, मास्तर" म्हणाले, आणि मी शाळेच्या पायरीवर बसून सरळ रडायला लागलो. कोट घातलेल्या माणसानं रडू नये, पण घामानं चेहरा आधीच इतका भिजला होता की फारसं कोणाला कळलं नसावं.

मनकर्णेला कळलं. ती बायकांमधून उठून आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"काय लिहिलं?"

"मुस्तकिल."

"किती महिन्यांसाठी?"

"अगं, मुस्तकिल म्हणजे कायम. इथंच. उन्हाळ्यातसुद्धा."

दर गावात आम्ही अंगणात तीन दगड मांडायचो आणि त्यावर तिनं सहा वर्षं स्वयंपाक केला होता. सोडून जायच्या घरात मातीची चूल कोण घालतं? तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मांडवाकडे बघत म्हणाली, "मग उद्या ओढ्यावरून माती आणा. चूल घालायचीय."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी कोट खुंटीला लावला, घमेलं घेतलं, आणि सकाळच्या उन्हात माझ्या लांबलचक सावलीला पुढे घालून ओढ्याकडे निघालो.